पळणारी गोष्ट उथळ नसते

गेल्या महिन्यात एका चर्चासत्राला गेलो होतो. विषय होता मराठी कादंबरीतलं महानगर. व्यासपीठावर एक जाणते समीक्षक होते. त्यांची पुस्तकं मी कॉलेजात असल्यापासून आदराने वाचत आलोय. भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ झाला, जयवंत दळवींचं ‘चक्र’ झालं. मग मागच्या रांगेतून एका मुलीने विचारलं, “सर, मुंबईत घडणाऱ्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांचं काय? त्या यात कुठेच का येत नाहीत?”

सरांनी विषय दोन मिनिटांत मिटवला. ती वाचून फेकायची पुस्तकं, एकदा खुनी कळला की संपलं. त्यांच्यात नुसती पळापळ, त्या धुरळ्यात शहरही दिसत नाही आणि माणूसही. शिवाय खासगी गुप्तहेर हे पात्रच विलायतेहून आणलेलं, त्याला इथल्या मातीत मूळ नाही. सभागृह हसलं. मुलगी खाली बसली. चहाची वेळ झाली होती, त्यामुळे कुणालाच काही बोलता आलं नाही.

तेव्हा बोलायचं राहिलं ते आता लिहितो. सरांवर माझा राग नाही. पण ही तिन्ही विधानं मी लहानपणापासून ऐकत आलोय, शाळेतल्या बाईंकडून, ग्रंथपालांकडून, पुरस्कार समितीवरच्या मित्रांकडून. ती इतकी सवयीची झालीत की कुणी तपासून बघत नाही. माझं म्हणणं असं की तिन्ही चुकीची आहेत, आणि त्यांच्यामुळे आपलं नुकसान झालंय.

पळापळीपासून सुरुवात करतो, कारण सरांच्या मनात खरा सल तोच आहे. वेग आला की खोली गेली, असं त्यांनी धरून ठेवलंय.

आमच्या ठाण्याच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहायचे. मुंबईतल्या एका डिटेक्टिव्ह एजन्सीत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. चाळीत सगळ्यांना वाटायचं ते विम्याचं काही तरी करतात. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी ओट्यावर बसून ते बोलू लागले, नावं मात्र कधीच घेतली नाहीत. त्यांची बहुतेक कामं लग्नाची. मुलीकडचे पैसे भरायचे आणि काका मुलाच्या मागे जायचे. आठवडाभर तो कधी घर सोडतो, कुठे जातो, कुणाला भेटतो, किती पितो, हे सगळं लिहून द्यायचं.

एकदा असाच एक मुलगा होता. फोर्टात नोकरी, पगार चांगला, घरात आई-वडील आणि धाकटी बहीण. पहिल्या दिवशी सकाळी आठ दहाला तो डबा घेऊन खाली उतरला आणि ठाण्याला फास्ट गाडीत चढला. काका त्याच्यापासून चार माणसं सोडून दांडीला लटकलेले. दादर आलं. दादरला कोण उतरणार म्हणून काकांनी मान वळवली नाही. फोर्टात जायचं म्हणजे सीएसटी, आणि फास्ट गाडी दादरनंतर भायखळा घेते आणि थेट सीएसटी गाठते. गाडीने हिसका दिला आणि नेमक्या त्या क्षणी मुलाने उडी मारली. काकांच्या हातात एकच सेकंद होता. भायखळ्याला उतरून परत येईपर्यंत तो दादरच्या गर्दीत कायमचा विरघळला असता. पन्नाशीतल्या काकांनी चालत्या गाडीतून उडी घेतली, गुडघा फुटला, आणि ते पुलाकडे धावले. मध्य रेल्वेवरून पश्चिमेला नेणारा तो पूल, सकाळची वेळ, समोरून येणारा माणसांचा लोंढा. मुलाच्या डब्याची पिशवी निळी होती. काका त्या निळ्या ठिपक्यामागे पळत राहिले. पूल उतरला, फुलबाजार ओलांडला, कबुतरखाना गेला, रानडे रोड संपला.

मुलगा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसला.

बसूनच राहिला. अकरा वाजले, बारा वाजले. कुणी भेटायला आलं नाही. एक वाजता त्याने पिशवीतून डबा काढला, पोळीभाजी खाल्ली, डबा नळावर धुतला, परत येऊन बसला. साडेपाचला उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. नोकरी जाऊन चार महिने झाले होते आणि त्याने घरी सांगितलं नव्हतं. आई रोज सकाळी डबा भरत होती.

काकांनी रिपोर्ट दिला, लग्न मोडलं. ही हकिकत सांगताना ते दर वेळी डबा धुण्यापाशी थांबायचे.

आता मला सांगा, या गोष्टीत धावपळ आहे म्हणून माणूस दिसेनासा झाला का? मला तर वाटतं की कट्टा दिसतो तो पुलावरच्या धावण्यामुळेच. तुम्ही काकांबरोबर धापा टाकत त्या निळ्या पिशवीमागे गेलात, वाटलं पुढे काही तरी लफडं निघणार, बाई निघणार, मटका निघणार. आणि निघाला एक घाबरलेला पोरगा. दोन पानं संथपणे त्याच्या एकाकीपणाचं वर्णन केलं असतं तर तुम्ही मान डोलावली असती आणि विसरून गेला असता. धावत्या गोष्टीला असं थांबता येतं. मुळात जी गोष्ट चालतच नाही, तिच्या थांबण्याला वजन कुठून येणार?

वेग ही लेखकाच्या हातातली निवड असते. काय सांगायचं आणि काय सोडायचं याचा निर्णय त्याला प्रत्येक ओळीत घ्यावा लागतो. पुलावरून पळताना काकांना दिसली ती पिशवी. मुलाचं कपाळ, त्याचं बालपण, त्याची स्वप्नं दिसली नाहीत. चांगला रहस्यकथाकार पळणाऱ्याला दिसेल तेवढंच लिहितो आणि बाकीचं वाचकावर सोपवतो. अमेरिकेत डॅशिएल हॅमेट स्वतः पिंकर्टन एजन्सीत गुप्तहेराच्या नोकरीत होता. 1929 च्या ‘रेड हार्वेस्ट’पासून त्याची वाक्यं अशी तुटक, कोरडी, घाई असलेल्या माणसाची आहेत. कोण आला, कुठे उभा राहिला, हात कुठे होता, एवढंच. भावना शोधायची तर ती वाचकाने शोधायची. ही शिस्त आहे, आणि ती कमवायला संथ लिहिण्यापेक्षा कमी कष्ट पडतात असं कुणी समजू नये.

शहर दिसत नाही, हा त्याच आरोपाचा दुसरा भाग. मी उलट विचारतो, दुसऱ्या कुठल्या कादंबरीत शहर कथानकाला असं वाकवतं? फास्ट गाडीत दादरला उतरायचं राहिलं तर पुढचा थांबा भायखळाच, ही मध्य रेल्वेची साधी रीत आहे. पण काकांच्या गोष्टीतला ताण या रीतीतून आला. तेच गाव असतं, एकच रस्ता असता, तर ही गोष्टच घडली नसती. भरतीच्या वेळी पाऊस कोसळला की हिंदमाता तुंबतं, रात्री शेवटची गाडी गेली की पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत माणूस स्टेशनात अडकतो, चाळीत शिरणारा परका माणूस दहा खिडक्यांना दिसतो आणि टॉवरमध्ये शिरणारा एकीलाही नाही. शहराचे हे सगळे स्वभाव थरारकथेत कामाला लागतात. बाकी कादंबऱ्यांत पाऊस बहुतेक वेळा खिडकीबाहेर पडत असतो.

खासगी गुप्तहेराला इथल्या मातीत मूळ नाही, हा सरांचा सर्वांत ठाम मुद्दा होता. सभागृह हसलं ते यावरच. लोकांच्या डोळ्यांसमोर ओव्हरकोट घातलेला, पाइप ओढणारा साहेब उभा राहिला असणार.

पण स्थळाची चौकशी हा शब्द विलायतेतून आला का? गावात मुलीचं लग्न ठरवायचं म्हणजे आधी मामा निघायचा. बाजाराच्या दिवशी मुलाच्या गावी जायचा, एसटी स्टँडवर चहा प्यायचा, कुणाच्या तरी ओटीवर बसून पानाला चुना लावत इकडचं तिकडचं बोलायचा. शेती किती, कर्ज किती, घरात भांडणं आहेत का, मुलगा संध्याकाळी कुठे असतो, हे सगळं संध्याकाळपर्यंत त्याच्या पदरात पडायचं. कारण गावात प्रत्येकाला प्रत्येकाचं माहीत होतं. मुंबईत हा मामा हतबल झाला. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची वस्ती 1 कोटी 24 लाखांच्या घरात होती. एवढ्या माणसांत तो कुणाच्या ओटीवर बसणार? शेजारच्या फ्लॅटवरची पाटीसुद्धा वाचायची राहून गेलेली असते. तेव्हा मामाचं काम पैसे घेऊन करणारा माणूस शहरानेच जन्माला घातला. आमचे काका म्हणजे गिऱ्हाइकाने भाड्याने घेतलेले मामा होते. याहून इथल्या मातीतलं पात्र कोणतं?

आणि ते कसे वावरायचे बघा. ओव्हरकोट सोडाच, त्यांच्या हातात कापडी पिशवी असायची आणि पिशवीतून मेथीची जुडी डोकावत असायची. मेथी दिसली की वॉचमन अडवत नाही, असं ते सांगायचे. भाजी घेऊन परका माणूस इमारतीत शिरत नाही, हे त्याच्या मनात पक्कं असतं. इस्त्रीवाल्याकडे ते स्वतःचाच शर्ट पुन्हा पुन्हा टाकायचे. इस्त्रीवाल्याला कुणाच्या घरात कोण राहायला आलंय, कुणाचे कपडे येणं बंद झालंय, हे पोलिसांच्या आधी कळतं. पाळतीच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचं नाही, कारण लघवीला गेलं आणि तेवढ्यात माणूस निसटला तर दिवस वाया. असा माणूस आपल्या कथेत नाही, तो लेखकाने लिहिलेला नाही, असं म्हणा. मी मान्य करीन. पण तो इथे नाहीच, असं म्हणू नका.

पिस्तूल घेऊन फिरणारा, इन्स्पेक्टरला हुकूम सोडणारा गुप्तहेर खोटा आहे, हे मात्र खरं. भारतात खासगी गुप्तहेराला पोलिसांचे कुठलेच अधिकार नाहीत. तो कुणाला समन्स काढू शकत नाही, कुणाच्या घराची झडती घेऊ शकत नाही. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सींसाठी 2005 चा कायदा आहे. गुप्तहेर एजन्सींसाठी 2007 मध्ये राज्यसभेत विधेयक मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे हा धंदा उघडपणे चालतो, पाट्या लागतात, जाहिराती येतात, आणि त्याचं स्वतःचं असं नियमांचं पुस्तक नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्याच वर्षी ठाणे पोलिसांनी लोकांचे कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. विचार करा, या धंद्यातल्या माणसाला रोज सकाळी कोणत्या प्रश्नाला तोंड द्यावं लागत असेल. गिऱ्हाईक म्हणतं, तिचे फोन कुणाला जातात ते हवंय. महिन्याचं भाडं थकलंय. एक फोन केला की यादी मिळेल, आणि ती यादी म्हणजे गुन्हा. अधिकार नसलेला, पैशाची निकड असलेला, दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावणं हेच ज्याचं पोट, असा माणूस कथेच्या मध्यभागी ठेवल्यावर नैतिक प्रश्न मुद्दाम आणावा लागत नाही. तो पहिल्या पानावर हजर असतो. पोलीसकथेत ही सोय नाही. पोलिसाला निदान वर्दी आहे, त्याच्या मागे सरकार आहे. आपण गेली कित्येक वर्षं पडद्यावर पोलीसच बघतोय. ‘सीआयडी’ मालिका 1998 पासून वीस वर्षं चालली आणि शिवाजी साटम घराघरांत पोचले. पण एकट्या, बिनवर्दीच्या माणसाची भीती वेगळी असते आणि तिच्यात सामान्य मुंबईकर जास्त ओळखू येतो.

उसनवारीबद्दल थोडक्यात. एडगर अॅलन पोने 1841 मध्ये फिलाडेल्फियात बसून पहिली डिटेक्टिव्ह कथा लिहिली आणि ती घडवली पॅरिसमध्ये. पॅरिसला तो कधी गेला नव्हता. म्हणजे हा प्रकार जन्मापासूनच दुसऱ्याच्या शहरात उभा आहे. पुढे लंडनने तो उचलला, तिथून कोलकात्याने. शरदिंदू बंद्योपाध्यायांनी 1932 मध्ये ब्योमकेश बक्षी आणला तेव्हा त्याने डिटेक्टिव्ह हे बिरुद नाकारलं आणि स्वतःला सत्यान्वेषी म्हणवून घेतलं. त्या एका शब्दाने साचा बंगाली झाला. कादंबरी हा प्रकारच आपल्याकडे इंग्रजीतून आला. मग ‘पण लक्षात कोण घेतो’ला आपण उसनं म्हणतो का? उसनं काय आणलं याला महत्त्व नाही, आणल्यावर त्यात काय रुजवलं याला आहे.

इथे बाबूराव अर्नाळकरांचं नाव घ्यायलाच हवं. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म 1906, मृत्यू 1996, आणि हजारावर रहस्यकथा. झुंझार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावं माझ्या आजोबांच्या पिढीला पाठ होती. गुरुनाथ नाईकांची पुस्तकंही हजाराच्या पुढे गेली. सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास उभे केले, पण आज त्यांची आठवण निघते ती ‘दुनियादारी’साठी, कारण तिच्यावर 2013 मध्ये सिनेमा आला. अर्नाळकरांनी इंग्रजी रहस्यकथांवरून पुष्कळ उचललं, हे कुणी नाकारत नाही. या साऱ्या लेखनात दोष भरपूर आहेत आणि ते मला दिसतात. बाई एक तर ओलीस ठेवलेली, नाही तर विषारी. खलनायक कोण, हे त्याच्या धर्मावरून, रंगावरून, शरीरातल्या व्यंगावरून आधीच ठरलेलं. महिन्याला ठरावीक पुस्तकं द्यायची म्हणून तीच गाडी, तोच बंगला, तेच तळघर. मी हे माझ्या मुलीला वाचायला देताना दहादा विचार करीन.

पण हे दोष वेगाचे आहेत का? त्याच काळातल्या संथ, प्रतिष्ठित कादंबऱ्या काढा आणि बायका कशा रंगवल्यात ते बघा. तिथे आपण म्हणतो, लेखक त्याच्या काळाचं अपत्य होता, आणि मग त्याच्या शैलीवर प्रबंध लिहितो. रहस्यकथाकाराला ही सवलत नाही. त्याचे दोष म्हणजे त्याच्या प्रकाराचे दोष, आणि त्याचे गुण म्हणजे गल्लाभरूपणा. हा न्याय मला मान्य नाही.

या दुटप्पी न्यायाची किंमत आपण मोजली. बंगालमध्ये काय झालं ते बघा. सत्यजित राय यांनी 1965 मध्ये फेलूदा लिहायला घेतला आणि 1967 मध्ये ब्योमकेशवर ‘चिडियाखाना’ काढला. ‘पथेर पांचाली’ करणाऱ्या माणसाला गुप्तहेराची गोष्ट कमी वाटली नाही. 1993 मध्ये बासू चटर्जींनी दूरदर्शनसाठी ब्योमकेश केला आणि तो आपणही घरोघरी आवडीने बघितला. चांगल्या लेखकांनी हात घातला म्हणून प्रकार सुधारत गेला. सुधारत गेला म्हणून पुढच्या चांगल्या लेखकांना त्यात यावंसं वाटलं. आपल्याकडे ज्याला थोडं बरं लिहिता येत होतं, त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं की रहस्यकथा लिहिशील तर कुणी गंभीरपणे घेणार नाही. मग तो पळाला. उरलेल्यांनी पोटासाठी महिन्याला ढीग लिहिला. आणि आता आपणच त्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणतो, बघा, या प्रकारात दम नाही. रोपाला पाणी घालायचं नाही आणि वाढलं नाही म्हणून बियाण्याला दोष द्यायचा, असं हे झालं.

विषयांची तर वानवा नव्हती. दारूबंदीच्या कायद्याने 1949 नंतर मुंबईत हातभट्टीचं एक वेगळंच राज्य उभं राहिलं. सोन्याची तस्करी आली. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लाखावर कामगारांची घरं विस्कटली. गिरण्यांच्या जमिनींचं पुढे काय झालं ते लोअर परळला उतरलं की डोळ्यांनी दिसतं. कुणी जागा सोडली, कुणी सही केली, कुणी गायब झालं. हे सगळे विषय जणू गुप्तहेर कादंबरीचीच वाट बघत होते. लॉस एंजेलिसला रेमंड चँडलर मिळाला आणि तेलाचा पैसा, राजकारण, पोलीस यांचं साटंलोटं जगाने त्याच्या फिलिप मार्लोच्या डोळ्यांनी वाचलं. गिरणीच्या जमिनीचा कागद शोधत भोईवाडा ते बांद्रा फिरणारा आपला मार्लो कुठे आहे? तो लिहिला गेला नाही, कारण लिहू शकणाऱ्यांना त्याची लाज वाटत होती.

चँडलरवरून सरांचा पहिला मुद्दा आठवला, खुनी कळला की पुस्तक संपलं. हा वाद तसा जुनाच. 1945 मध्ये एडमंड विल्सन या मोठ्या अमेरिकी समीक्षकाने खुनी कोण हे कळून कुणाला काय मिळतं, अशा अर्थाचा लेख लिहून या प्रकारावर झोड उठवली होती. पण चँडलरच्या 1939 च्या ‘द बिग स्लीप’मध्ये एक ड्रायव्हर मरतो, आणि त्याला कुणी मारलं हे पुस्तकात धड सांगितलेलंच नाही. सिनेमा करताना चँडलरला तार करून विचारलं तेव्हा त्यालाही सांगता आलं नाही, हा किस्सा प्रसिद्ध आहे. तरी ते पुस्तक आजही छापलं जातं आणि वाचलं जातं. खुनी हा वाचकाला ओढत नेणारा दोर आहे. दोर हातात आल्यावर विहीर संपत नाही.

हे मला चँडलरच्या आधी आजोबांनी शिकवलं. ते लालबागला गिरणीत साचेखात्यात होते. शिक्षण मराठी तिसरी. पाळी सुटली की गल्लीतल्या वाचनालयातून रोजच्या भाड्याने पुस्तक आणायचे आणि चाळीच्या गॅलरीत दिव्याखाली बसून ओठ हलवत वाचायचे. ते सांगायचे की वाचायला ते शाळेत शिकले नाहीत, रहस्यकथांनी शिकवलं. पुढे काय होतं हे कळल्याशिवाय झोप यायची नाही, म्हणून अडलेलं अक्षर सोडता यायचं नाही. ज्या पळापळीला सर हसले, तिने एका गिरणी कामगाराला वाचक केलं. नंतर त्याच डोळ्यांनी ते वर्तमानपत्र वाचू लागले, युनियनची पत्रकं वाचू लागले, संपाच्या काळात शेजाऱ्यांना कोर्टाचे कागद वाचून दाखवू लागले.

वाचनालय बंद झालं तेव्हा मालकाने रद्दीत घालायच्या ढिगातली पाच-सहा पुस्तकं त्यांना दिली. त्यातलं एक आज माझ्या टेबलावर आहे. पुठ्ठा गेलाय, पानं चहाच्या रंगाची झालीत, कोपऱ्यांना तेलाचे डाग आहेत. लेखकाचं नाव असलेलं पान नाही, आणि शेवटचा अख्खा फर्मा, सोळा पानं, नाहीत. पहिल्या पानावर कुण्या वाचकाने पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलंय, म्हणजे वाचनाला लागण्याआधीच रहस्य फुटलेलं. आजोबांनी हे पुस्तक किती वेळा वाचलं असेल? त्याच पहिल्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला ते दर वेळी तारीख टाकायचे. मी मोजल्या. नऊ तारखा आहेत.

त्या चर्चासत्रातल्या मुलीचा पत्ता मला मिळाला तर हे पुस्तक तिला दाखवायचं आहे.